बटेरीचा उन्हाळा

एप्रिल सरत आला की दुपारी दोनच्या सुमाराला पत्र्याच्या शेडमधली बटेर कशी दिसते, हे ती पाळणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. चोच उघडी, गळ्याची कातडी भराभर थरथरणारी, पंख अंगापासून सुटे, खाद्य तसंच पडलेलं आणि पाण्यापाशी रेटारेटी. संध्याकाळी अंडी गोळा करताना काही अंडी बोटांत नेहमीपेक्षा नाजूक लागतात, एखादं नुसत्या पापुद्र्यात आलेलं असतं. मेलेले पक्षी बाजूला काढले जातात, ‘यंदा ऊनच फार’ असं म्हटलं जातं आणि विषय तिथेच संपतो. ऊन फार असतं हे खरं. पण या पक्ष्याचा माणसाबरोबरचा इतिहास क्रमाने लावून पाहिला, तर या मृत्यूंचं कारण हवेत थोडं आणि धंद्याच्या घडणीत बरंच सापडतं. उन्हापासून वाचण्याच्या ज्या वाटा या पक्ष्याकडे होत्या, त्या गेल्या काही शतकांत माणसाने एकेक करून बंद केल्या. त्या बदल्यात जी जबाबदारी पाळणाऱ्यावर यायला हवी होती, ती मात्र ‘बटेर फार काटक असते’ या वाक्याखाली झाकली गेली. हे कसं घडत गेलं, ते इथे मांडायचं आहे.

आधी शरीराची बाजू पाहू. पक्ष्यांना घामाच्या ग्रंथी नसतात. बटेरीच्या अंगाचं तापमान मुळातच ४१ ते ४२ अंश असतं आणि पूर्ण वाढलेला पक्षी साधारण १८ ते २४ अंशांच्या हवेत सर्वांत सुखात असतो. हवा त्याहून तापू लागली की तो आधी कातडीकडे रक्त वळवतो, पंख सोडतो, थंड जमीन शोधून तिला पोट लावतो. तेवढ्याने भागलं नाही की चोच उघडून धापा टाकू लागतो, म्हणजे घशातल्या ओलाव्याची वाफ करून अंगातली उष्णता बाहेर टाकतो. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता निघून जाते, त्यामुळे उपाय जोरकस आहे, पण त्याची किंमत मोठी असते. धापांबरोबर रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाजवीपेक्षा जास्त बाहेर पडतो, रक्त अल्कधर्मी होतं आणि कवच घडायला लागणाऱ्या बायकार्बोनेटचा तुटवडा पडतो. अन्न पचवताना अंगात आणखी उष्णता तयार होते, म्हणून पक्षी खाणं कमी करतो. खाणं कमी म्हणजे कॅल्शियमही कमी. पातळ कवच हा असा दोन्हीकडून आलेला परिणाम असतो. शरीर लहान असण्याचाही एक पेच आहे. वजनाच्या मानाने कातडीचा पृष्ठभाग मोठा असल्यामुळे थंड हवेत बटेर लवकर निवते, पण हवा तिच्या अंगापेक्षा गरम झाली की त्याच पृष्ठभागातून उष्णता आत शिरते, आणि साठवलेलं पाणीही लवकर संपतं.

रानातल्या लाव्यालाही, म्हणजे रानटी बटेरीलाही, हेच शरीर मिळालेलं आहे. फरक आहे तो हालचालीच्या स्वातंत्र्याचा. आज जगभर पाळल्या जाणाऱ्या जपानी बटेरीचे रानटी भाईबंद मांचुरिया, आग्नेय सायबेरिया, उत्तर जपान अशा भागांत उन्हाळ्यात वीण करतात आणि थंडीत दक्षिण जपान, दक्षिण चीनकडे उतरतात. आपल्या माळांवर हिवाळ्यात उतरणारा साधा लावा सप्टेंबर-ऑक्टोबरात येतो आणि बहुतेक मार्च-एप्रिलपर्यंत उत्तरेची वाट धरतो. छातीवर काळा डाग असलेला लावा आपल्याकडे राहतो खरा, पण त्याची वीण पाऊस पडून गवत उगवल्यावर होते. यांतला एकही पक्षी मे महिन्यातली भर दुपार उघड्यावर, शेकडो जातभाईंच्या गर्दीत, अंडी घडवत काढत नाही. पहाटे आणि सांजेला चरायचं, मधला वेळ गवताच्या बुंध्याशी मातीत रुतून बसायचं, आणि प्रदेशच तापला तर तो सोडून जायचं, अशी त्याची रीत. फासेपारधी पिढ्यानपिढ्या लाव्यांसाठी फासे लावत आले, ते पक्ष्यांच्या या सवयी ओळखूनच. कोणत्या वेळी लावा कुठल्या धुऱ्यावर असेल याचं त्यांचं ज्ञान एका अर्थी लाव्याच्या ऊन टाळण्याच्या ज्ञानावरच उभं होतं.

या पक्ष्याला पिंजऱ्यात आणलं ते जपानने, आणि सुरुवातीला ना अंड्यांसाठी ना मांसासाठी. त्याला ठेवत ते नराच्या आवाजासाठी. हा नाद मध्ययुगापासूनचा मानला जातो. एदो काळात तर सरदार-सामुराई आणि सधन व्यापारी बटेरींच्या आवाजाच्या स्पर्धा भरवत. नराची तीन तुकड्यांतली हाक त्यांना शुभशकुनी वाटे. भडकलेली बटेर सरळ वर उसळते आणि डोकं आपटून घेते, हे ओळखून छपराच्या जागी जाळी लावलेले खास पिंजरे तेव्हा केले जात. एकेका पक्ष्यासाठी एकेक पिंजरा, तो घरातल्या माणसांच्या नजरेसमोर. इथे उन्हापासून वाचण्याची पहिली वाट बंद झाली, ती स्थलांतराची. पण तिच्या जागी दुसरं काहीतरी आलं. आवाज हीच ज्याची किंमत, तो पक्षी धापा टाकू लागला तर मालकाचं सगळंच बुडणार होतं, त्यामुळे पिंजरा सावलीत सरकवणारा हात तिथे होता. लखनौच्या बटेरबाजीतही हेच दिसतं. अब्दुल हलीम शरर यांनी अवधच्या सरत्या संस्कृतीबद्दल लिहिताना या शौकाचं तपशिलात वर्णन केलं आहे. रानातून धरलेली बटेर तासन् तास मुठीत धरून माणसाळवायची, तिचं खाणं-पिणं हाताने सांभाळायचं आणि मग झुंजीला उतरवायची. झुंज क्रूरच होती, तिची भलामण करायचं कारण नाही. पण त्या व्यवस्थेत एका माणसाच्या देखरेखीखाली मोजके पक्षी होते, हा तपशील पुढच्या सगळ्या गोष्टीसाठी महत्त्वाचा आहे.

मेइजी काळात आवाजाचा शौक ओसरला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जपानी पालकांनी याच पक्ष्याची अंड्यांसाठी निवड सुरू केली. काही दशकांतच बटेर वेगळीच झाली. सहा-सात आठवड्यांची झाली की अंडी देऊ लागणारी, वर्षाला अडीचशे-तीनशे अंड्यांपर्यंत जाणारी, आणि त्याच ओघात स्वतःच्या अंड्यांवर बसणं विसरलेली. ऐची प्रांतातलं तोयोहाशी हे रेशमाचं शहर तैशो काळापासून या धंद्याचं माहेर बनत गेलं आणि आजही जपानमधली निम्म्याहून जास्त बटेर-अंडी ऐचीतून येतात. समुद्राकाठची तिथली तुलनेने सौम्य हवा हे त्याचं एक कारण सांगितलं जातं, आणि ते पटण्यासारखं आहे, कारण अंड्यांवर निवडलेला पक्षी पहिल्यांदा मोठ्या संख्येने जिथे रुजला, तिथे उन्हाची परीक्षा मध्य भारतासारखी कधी झालीच नाही. मग दुसरं महायुद्ध आलं. माणसांनाच धान्य पुरेना, तिथे बटेरींचे कळप कोण पोसणार? आवाजासाठी जपलेले वाण तर नाहीसे झालेच, अंड्यांचेही जवळपास संपले. युद्धानंतर जपानमध्ये उरलेल्या थोड्या पक्ष्यांतून आणि शेजारच्या देशांतून आणलेल्या काहींतून हा धंदा पुन्हा उभा राहिला. आज जगभरच्या शेडमध्ये असलेल्या बटेरींचं मूळ बऱ्याच अंशी त्या मूठभर वाचलेल्या पक्ष्यांपाशी जातं. उन्हात टिकणारे गुण एखाद्या जुन्या वाणात असलेच, तर ते त्या चाळणीतून खाली आलेच असतील असं समजायला आधार नाही.

यानंतरचा टप्पा अमेरिकेतला आहे आणि माझ्या मते तोच निर्णायक आहे. १९५०च्या दशकात तिथल्या अनेक राज्यांच्या वन्यजीव खात्यांनी शिकारीसाठी म्हणून या जातीचे पक्षी फार मोठ्या संख्येने मोकळे सोडले. ते कुठेच टिकले नाहीत. हा प्रयोग फसला, पण उबवण केंद्रांत पक्षी आणि त्यांना वाढवण्याचं तंत्र दोन्ही शिल्लक राहिलं, आणि प्रयोगशाळांचं लक्ष तिकडे गेलं. १९५९ साली ‘सायन्स’मध्ये बटेरीला प्रयोगशाळेतला प्राणी म्हणून पुढे करणारा लेख आला. १९६१ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या विल्सन, अॅबट आणि आबप्लानाल्प यांनी कोंबड्यांवरच्या संशोधनाची पूर्वचाचणी बटेरीवर करता येईल का, याचा पडताळा घेतला. सतरा-अठरा दिवसांत अंडं फुटतं, वर्षात तीन-चार पिढ्या होतात, जागा आणि खाद्य नाममात्र लागतं. संशोधकाला आणखी काय हवं? १९९० साली तर मीर या सोव्हिएत अंतराळस्थानकात बटेरीची पिल्लं अंड्यातून बाहेर आली. पण प्रयोगशाळेचा पहिला नियम असतो तापमान स्थिर राखण्याचा. त्या खोल्यांत वाढलेल्या पिढ्यांना उन्हाशी गाठ पडण्याचा प्रसंगच नव्हता. याच डेव्हिसमधून १९६६ साली आलेल्या अभ्यासाने दाखवलं की जवळच्या नात्यात वीण झाली तर बटेरीची फलनक्षमता आणि जगण्याची ताकद कोंबडीपेक्षाही झपाट्याने ढासळते. प्रयोगशाळेतल्या एका कोपऱ्यात हा पक्षी काटक ठरत होता आणि दुसऱ्या कोपऱ्यात तो किती हळवा आहे हेही नोंदलं जात होतं. पुढे प्रचारात फक्त पहिलं वाक्य आलं.

भारतात जपानी बटेर आली ती या डेव्हिसमधूनच, १९७४ साली. उतरली बरेलीजवळच्या इज्जतनगरला, जिथे १९७९ साली केंद्रीय पक्षी संशोधन संस्था स्वतंत्रपणे उभी राहिली. वर्ष लक्षात घेण्याजोगं आहे. दोनच वर्षांपूर्वी, १९७२ साली, वन्यजीव संरक्षण कायदा झाला होता आणि रानातले लावे धरण्या-विकण्यावर बंधनं आली होती. ताटातला लावा आता शेडमधून यायचा होता. इज्जतनगरच्या शास्त्रज्ञांनी काम मनापासून केलं यात शंका नाही. ‘कारी उत्तम’, ‘कारी उज्ज्वल’, ‘कारी श्वेता’, ‘कारी पर्ल’ असे मांसाचे आणि अंड्यांचे वाण तिथे तयार झाले, तमिळनाडूत नंदनम आणि नामक्कल बटेरींनी पुढे मोठा पल्ला गाठला आणि पाच आठवड्यांत विक्रीला तयार होणारा पक्षी छोट्या शेतकऱ्याच्या आवाक्यात आला. पण या वाणांची निवड मुख्यतः वजन आणि अंडी यांवर झाली. लवकर वाढणाऱ्या पक्ष्याच्या अंगात उष्णताही जास्त तयार होते. म्हणजे ज्या देशात बरेलीचा मे महिनाच चाळिशी ओलांडतो, तिथे आपण अधिक तापणारा पक्षी अधिक यशस्वी ठरवला. पुढे कायद्याचा घोळ झाला. वन्यजीवांच्या यादीतल्या नावामुळे २०११ साली केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने नव्या बटेर-फार्मना अटकाव केला आणि नंतर तो उठवला गेला. त्या वादात पोल्ट्रीवाल्यांचा मुद्दा होता की हा पक्षी आता रानटी राहिलेला नाही. मुद्दा रास्त होता. मात्र त्याचा दुसरा अर्धा भाग कुणी बोललं नाही. जो पक्षी स्वतःच्या बळावर रानात जगू शकत नाही असं आपण सरकारला पटवतो, त्याच्या उन्हाचा विचार करणं मग पूर्णपणे आपल्याच अंगावर येतं.

प्रचाराची भाषा मात्र नेमकी उलट दिशेला गेली. बटेरपालनाची माहिती देणाऱ्या जवळजवळ प्रत्येक पुस्तिकेत दोन वाक्यं हमखास भेटतात: हा पक्षी रोगांना दाद देत नाही, आणि एका कोंबडीच्या जागेत आठ ते दहा बटेरी मावतात. पहिलं वाक्य बऱ्याच अंशी खरं आहे, पण ते रोगांबद्दलचं आहे. लसीकरणाची गरज कमी आहे याचा अर्थ वाचणाऱ्याने, आणि पुष्कळदा लिहिणाऱ्यानेही, हवामानालाही तो दाद देत नाही असा घेतला. दुसऱ्या वाक्यात तर सरळ हिशेबाची चूक आहे. मॅक्स क्लायबर यांनी १९३२ साली, योगायोगाने डेव्हिसमध्येच, दाखवून दिलं की प्राण्याच्या अंगात तयार होणारी उष्णता वजनाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, ती वजनाच्या पाऊण घातांकाने वाढते. हा नियम शेडला लावून पाहा. दोन किलोची एक कोंबडी आणि दोनशे ग्रॅमच्या दहा बटेरी, वजन दोन्हीकडे दोन किलोच. पण दहा बटेरी मिळून जी उष्णता टाकतात ती त्या कोंबडीच्या साधारण पावणेदोन पट भरते. जागा तेवढीच, छप्पर तेवढंच, वारा तेवढाच आणि शेगडी जवळजवळ दुप्पट. थंडीत हे पालकाच्या पथ्यावर पडतं. एप्रिलमध्ये हीच गर्दी पक्ष्यांच्या जिवावर उठते. गवताच्या बुंध्याशी एकट्याने बसणं ही रानातल्या लाव्याची दुसरी वाट होती. ‘आठ ते दहा मावतात’ या वाक्याने ती बंद केली.

कोंबडीवरून बटेर समजून घेण्याच्या सवयीने आणखी एक नुकसान केलं, ज्याची चर्चा फारच कमी होते. कोंबडी बहुधा सकाळी अंडं देते. तिच्या कवचाचं मोठं काम रात्रीच्या गारव्यात होतं. बटेरीची बहुतेक अंडी दुपार कलल्यापासून संध्याकाळपर्यंत येतात. म्हणजे तिचं कवच पक्कं होण्याचे शेवटचे तास आणि त्यावर ते तपकिरी ठिपके उमटण्याचे तास नेमके बारा ते चारचे, जेव्हा ती धापा टाकत असते आणि रक्तातला बायकार्बोनेट घटत असतो. कोंबड्यांच्या पुस्तकातून उचललेलं वेळापत्रक या पक्ष्याला म्हणूनच पुरेसं पडत नाही. बीज-अंड्यांचं दुखणं वेगळंच. साधारण २० अंशांच्या वर अंड्यातला गर्भ अर्धवट जागा होऊ लागतो. संध्याकाळी आलेलं अंडं पस्तीस-छत्तीस अंशांच्या खोलीत रात्रभर पडून राहिलं, तर यंत्रात ठेवण्याआधीच त्याची वाढ वेडीवाकडी सुरू झालेली असते. उन्हाळ्यात उबवणीचा टक्का घसरला की दोष नरांवर किंवा यंत्रावर जातो. नरांची फलनक्षमता उष्णतेने घटते हे खरं आहे, पण अंडी ठेवायच्या खोलीचा दोषही त्यात असतो.

यावर पहिला आक्षेप असा येईल: पारा पंचेचाळिशीला टेकणाऱ्या प्रदेशातही बटेरी पाळल्या जातात आणि त्या काही सरसकट मरत नाहीत, मग एवढा ओरडा कशाला? उत्तर असं, की मरणं ही उष्णतेच्या ताणाची शेवटची पायरी आहे. तुर्कस्तानातल्या एलाझीग इथल्या फरात विद्यापीठात काझिम शाहिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० नंतरच्या दशकात बटेरींवर प्रयोगांची मोठी मालिका केली. एक गट २२ अंशांत, दुसरा रोज आठ तास ३४ अंशांत. पंचेचाळीस नव्हे, चौतीस. आपल्याकडे तो फेब्रुवारी-मार्चचा आकडा आहे. तेवढ्यानेही खाणं, वाढ, अंडी, कवचाची जाडी सगळं उतरलं आणि पेशींच्या होणाऱ्या हानीच्या खुणा रक्तात वाढल्या. पक्षी मात्र जिवंतच होते. शेतकऱ्याच्या वहीत मेलेल्यांचा आकडा असतो, न खाल्लेल्या खाद्याचा आणि न आलेल्या अंड्यांचा नसतो, म्हणून ताण दिसत नाही. दुसरा आक्षेप याच प्रयोगांवर घेतला जातो: खोलीतली चौतीस वेगळी आणि शेतातली वेगळी, रात्री गारवा मिळतो, पक्षी हळूहळू सरावतात. यात तथ्य आहे. सरावलेला पक्षी थोडं जास्त सोसतो आणि रात्रीचा गारवा फार मोलाचा असतो. पण पत्र्याची शेड दिवसभर तापून रात्री उशिरापर्यंत आग ओकत राहते, आणि सरावायला वेळ लागतो, तर मांसाच्या बटेरीचं आयुष्यच पाच आठवड्यांचं. त्यातलाही पहिला आठवडा तिला ३५ ते ३७ अंशांची ऊब द्यावी लागते, कारण सात-आठ ग्रॅमचं पिल्लू स्वतःला गरम ठेवू शकत नाही. ज्या विजेच्या दिव्याने तिला जगवायचं, त्याच विजेच्या पंख्याने महिनाभरात तिला गार करायचं. त्यात भारनियमन आलं तर दोन्ही टोकांना घात.

शाहिन यांच्या प्रयोगांचा दुसरा भाग जास्त गाजला. खाद्यातून क जीवनसत्त्व, ई जीवनसत्त्व, जस्त, क्रोमियम असे घटक दिले तर नुकसान बरंच कमी होतं, हे त्यांनी दाखवलं. ही मोलाची गोष्ट आहे आणि ती वापरायलाच हवी. धंद्याने मात्र तिचा सोयीचा अर्थ लावला. पुडीतून देता येणारा उपाय गर्दीला हात लावत नाही, छपराला लावत नाही, तुकड्यांच्या संख्येलाही लावत नाही. म्हणून तो पटकन स्वीकारला गेला. क जीवनसत्त्व ताण सोसायला मदत करतं, ताणाचं कारण काढत नाही. हाच सूर पैदाशीच्या बाबतीतही ऐकू येतो: ऊन सोसणारा वाण काढा, म्हणजे प्रश्न मिटला. हे अशक्य नाही. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्य विद्यापीठात सॅटरली यांनी १९८०च्या दशकात ताणाला कमी आणि जास्त प्रतिसाद देणारे बटेरींचे दोन वेगळे वंश निवडीतून तयार करून दाखवले, म्हणजे हा गुण वारशाने उतरतो. इज्जतनगरच्याच संस्थेने कोंबडीत उघड्या मानेचा गुण वापरून उष्ण प्रदेशासाठी ‘हितकारी’ हा संकर केला. बटेरीतही असं काम व्हावं, त्यावर सार्वजनिक पैसा खर्च व्हावा, असं मला मनापासून वाटतं. पण ते काम पिढ्यांचं आहे, पाया अरुंद आहे, आणि वजन वाढवण्याची हाव सोडल्याशिवाय ते साधणार नाही. तोवर दरवर्षीचे उन्हाळे थांबत नाहीत.

राहिला पैशाचा आक्षेप, आणि तो सर्वांत गंभीर आहे. पक्ष्यामागे चार पैसे सुटणाऱ्या धंद्यात पंखे, फॉगर आणि ओले पडदे कुणाला परवडतात? पण महागडी यंत्रं ही पहिली गरज नाहीच. पूर्व-पश्चिम लांबीची शेड, छपरावर चुन्याचा पांढरा थर किंवा पाचटाचा जाड पसारा, बाजूंना जाळी, आणि पाण्याची टाकी सावलीत. ही शेवटची गोष्ट फार ठिकाणी चुकते: काळी टाकी आणि काळे पाइप उन्हात, आणि दोन वाजता निपलमधून पक्ष्याच्या चोचीत येणारं पाणी कढत. खाद्य पहाटे आणि सूर्य कलल्यावर द्यावं, दुपारी नाही. फॉगरच्या बाबतीत प्रदेश ओळखायला हवा. चंद्रपूर-नागपूरच्या कोरड्या उन्हात हवेत पाण्याचे बारीक कण सोडले की तापमान चटकन उतरतं. कोकणात पारा ३४च असतो, पण हवा आधीच ओलाव्याने भरलेली असते. तिथे फॉगर लावणं म्हणजे धापा टाकणाऱ्या पक्ष्याची उरलेली वाटही बंद करणं. तिथे फक्त वारा उपयोगी पडतो आणि गर्दी कमी करणं. एकाच पुस्तिकेतून रत्नागिरी आणि वर्ध्याला एकच सल्ला देणं हा निष्काळजीपणा आहे.

मांसासाठी बटेर पाळणाऱ्याकडे याहूनही स्वस्त उपाय आहे, आणि तो या पक्ष्याच्या जुन्या सवयीतच आहे. रानातला लावा तापलेला प्रदेश सोडून जात असे. शेडमधल्या बटेरीला प्रदेश सोडता येत नाही, पण पाच आठवड्यांचं आयुष्य असल्यामुळे तिच्या मालकाला महिने सोडता येतात. मार्चच्या पहिल्या आठवड्यात भरलेली तुकडी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात बाहेर पडते. त्यानंतर पाऊस सुरू होईपर्यंत शेड रिकामी ठेवावी, धुवावी, चुना मारावा. अंड्यांच्या बटेरी अशा थांबवता येत नाहीत, त्यांच्यासाठी मार्चअखेर जागेमागे पक्षी निम्मे करणं हाच मार्ग. प्रशिक्षण वर्गांत आणि पुस्तिकांत ‘एका कोंबडीच्या जागेत दहा’ हे वाक्य यापुढे महिन्याचं नाव घातल्याशिवाय छापू नये. आणि बँकेकडे जाणाऱ्या प्रकल्प अहवालात वर्षाला दहा तुकड्या मांडलेल्या असतील, तर विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याने त्यांतल्या एप्रिल-मेच्या दोन खोडाव्यात आणि मगच नफ्याचा आकडा लिहावा.